ब्रह्मपुरीचा पोसायडन आणि हातातलं यंत्र



या व्याख्यानाच्या पत्रिकेत विषय छापून आल्यापासून मला दोन प्रकारचे फोन आले. काहींनी विचारलं, यंत्र कोणतं घ्यावं? काहींनी विचारलं, गुप्तधन खरोखर असतं का? दोन्ही प्रश्न आपल्या गावाला शोभणारे आहेत. दोन्हींची उत्तरं आज देतो, पण विचारणाऱ्यांचं समाधान होईल असं काही वाटत नाही.

मेटल डिटेक्टर आता नवलाईची वस्तू राहिलेली नाही. सभागृहाच्या दारात असतो, मंदिराच्या दारात असतो. काही हजार रुपये मोजले की घरपोच येतो आणि विकत घ्यायला परवाना लागत नाही. मोबाइलवर असे कितीतरी व्हिडिओ दिसतात: गडाचा पायथा, कानाला हेडफोन लावलेला तरुण, ‘टिंग’ असा आवाज, कुदळीचे चार घाव, तळहातावर हिरवट नाणं आणि मागे तुतारीचं संगीत. ही पोरं चोर आहेत असं मी म्हणणार नाही. बहुतेकांना इतिहासाचं खरं वेड असतं. म्हणूनच त्यांच्याशी बोलायला हवं, कारण चोराला व्याख्यान ऐकवून उपयोग नसतो.

माझं म्हणणं असं, की जुन्या वस्तूचं निम्म्याहून अधिक मोल ती जिथं सापडली त्या जागेत असतं. हे पटवायला मला लांबची उदाहरणं शोधावी लागत नाहीत. पंचगंगेच्या काठी, शिवाजी पुलाजवळच्या एका टेकाडानं हा धडा कोल्हापूरला १९४४ ते १९४६ या काळात देऊन ठेवला आहे. त्या टेकाडाचं नाव ब्रह्मपुरी.

ब्रह्मपुरीवर माती हलायला लागली आणि जुन्या वस्तू वर येऊ लागल्या, तेव्हा तिथं लक्ष घालणारा माणूस होता राजाराम कॉलेजमधले प्राध्यापक के. जी. कुंदणगार. मूळ विषय कन्नड. कोल्हापूर संस्थानातल्या आणि उत्तर कर्नाटकातल्या शिलालेखांवरचं त्यांचं पुस्तक १९३९ साली आलं होतं. मराठी मुलखात बसून एक कन्नड पंडित इथला प्राचीन इतिहास गोळा करत होता, हे आजच्या सीमावादाच्या दिवसांत मुद्दाम सांगायला हवं. कुंदणगारांच्या हाती ब्रह्मपुरीवर जो ब्राँझच्या वस्तूंचा साठा लागला, त्याला अभ्यासक आजही त्यांच्याच नावानं ओळखतात.

त्या साठ्यात काय होतं हे पाहायला टाऊन हॉलमधल्या संग्रहालयात जावं लागतं. आपल्यापैकी अनेकजण सीपीआर रुग्णालयात पेशंटला भेटायला जाताना त्या काळ्या दगडी इमारतीवरून गेले असतील आणि आत गेले नसतील. मेजर चार्ल्स मँटच्या आराखड्यावर १८७२ ते ७६ मध्ये बांधलेली ही वास्तू. आत पोसायडनची मूर्ती आहे. ग्रीकांचा समुद्रदेव, रोमनांचा नेपच्यून. उंची वीतभरसुद्धा नाही. उघडं अंग, दाढी, एका पायावर भार टाकून उभा राहिलेला, एक हात उंचावलेला. त्या हातातला त्रिशूळ आज नाही. पोटाचे स्नायू, गुडघ्याची वाटी, केसांच्या बटा, सगळं इतक्या लहान आकारात इतकं नेमकं उतरलंय, की भिंग घेऊन पाहावं. समुद्र इथून सह्याद्रीच्या पलीकडे, आणि हा समुद्राचा देव पंचगंगेच्या काठच्या मातीत! त्याच्या सोबतीला रोमन घडणीची सुरई, आरसा आणि इतर भांडी. शिवाय एक हत्ती, त्याच्या पाठीवर एकामागे एक बसलेली माणसं. तो मात्र इथलाच. त्याचं वळण पाहिलं की सातवाहनांच्या काळातली लेणी आठवतात.

आता प्रश्न सुरू होतात. या वस्तू एकाच वेळी एकाच माणसाकडे होत्या का? यातलं समुद्रापलीकडून आलेलं किती आणि परदेशी माल पाहून इथल्या कारागिरानं घडवलेलं किती? सगळं सातवाहनकाळातलं, की काही मागाहून मिसळलेलं? साठा जमिनीवर होता की खड्डा काढून पुरलेला? भोवती काय होतं? एखाद्या श्रीमंत व्यापाऱ्याच्या घरातल्या या शोभेच्या वस्तू असतील. किंवा तांबटाकडे वितळवायला आलेली मोड असेल. दुसरी शक्यता ऐकून पुष्कळांना वाईट वाटतं, पण ती खोटी कशी ठरवणार? भोवती मूस, कोळसा, धातूची मळी असती तर तांबट. रंगवलेली भिंत, धान्याचे रांजण, मण्यांच्या माळा असत्या तर व्यापारी. हे सांगणारी माती होती आणि ती उपसली गेली. साठा बाहेर निघाला तेव्हा थराथराची नोंद आजच्या काटेकोरपणे झाली नाही. म्हणून कार्ल खंडालावालांसारख्या जाणकाराला १९६० मध्ये ‘ललित कला’ या नियतकालिकात याच वस्तूंवर नव्यानं मोठा लेख लिहून, निव्वळ घडण आणि शैली पाहून, तर्क लढवावे लागले. पुढे रिचर्ड डी पूमा या अमेरिकन अभ्यासकानं १९९१ साली पुन्हा त्यातल्या रोमन वस्तूंची छाननी केली. शंभर वर्षांनी आणखी कोणी करील. वस्तू तिथंच आहेत, काचेआड. त्यांची साक्ष मात्र गेली. खरेदीखत हातात आहे आणि त्यावरचा गट नंबर आणि चतुःसीमा कोणी खोडून टाकल्या आहेत, अशी ही स्थिती. कागद खरा आहे, पण त्याच्यावर दावा लागत नाही.

कुंदणगारांना मी बोल लावत नाही. त्यांनी लक्ष घातलं नसतं तर पोसायडन मोडीच्या भावानं गेला असता आणि आज बोलायला काहीच उरलं नसतं. त्या वेळी देशातल्या बहुतेक ठिकाणी असंच खोदत. फरक पुढच्याच मोसमात पडला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून हसमुख सांकलिया आणि मोरेश्वर गंगाधर दीक्षित इथं आले आणि १९४५-४६ मध्ये त्यांनी त्याच ब्रह्मपुरीवर रीतसर उत्खनन केलं. सांकलियांनी विद्यार्थिदशेत इंग्लंडमध्ये पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलरच्या हाताखाली मेडन कॅसलच्या उत्खननात काम केलं होतं. चर सरळ कापायचा, त्याची उभी भिंत तासून साफ करायची, मातीचा रंग आणि पोत बदलला की रेघ मारायची, आणि प्रत्येक खापराला त्याचा थर लिहून पिशवीत घालायचं, ही शिस्त त्यांच्या अंगी मुरली होती.

त्यांना पोसायडन मिळाला नाही. त्यांना गाव मिळालं. वरच्या थरांत बहामनी काळातली वस्ती, तिच्याखाली आणखी जुनी, आणि तळाकडे सातवाहनकालीन भाजलेल्या विटांची घरं. भांडी, नाणी, मणी, काच, बांगड्या. त्या चराच्या भिंतीवरून पहिल्यांदा खात्रीनं सांगता आलं, की दोन हजार वर्षांपूर्वी इथं झोपड्यांची वाडी नव्हती, पक्क्या घरांचं, व्यापारी, खातंपितं गाव होतं. १९५२ साली त्याचा अहवाल छापून आला. त्यात दाखवायला चमकदार वस्तू कमी, पण कोल्हापूरच्या प्राचीन इतिहासाबद्दल आज आपण जे छातीठोकपणे बोलतो त्याचा पाया तो अहवाल आहे. लोक मात्र पोसायडनच पाहायला येतात, आणि त्यांचंही चुकत नाही.

याच सुमारास, १९४५ मध्ये, खुद्द व्हीलर पुद्दुचेरीजवळ अरिकमेडूला खोदत होता. तिथं त्याला इटलीतल्या लाल चकचकीत थाळ्यांची खापरं मिळाली. बाजारात त्यांना चहाच्या कपाची किंमत आली नसती. पण इटलीतली ती भांडी कोणत्या दशकांत घडली हे पक्कं ठाऊक होतं, आणि ती ज्या थरात होती त्याच थरात स्थानिक मडक्यांची खापरं होती. त्या एका जोडीवरून दक्षिण भारतातल्या किती तरी ठिकाणांचा काळ ठरवता आला. पोसायडनला हे करता आलं असतं. त्याच्याबरोबरची स्थानिक खापरं कोणती, हे लिहून ठेवलेलं असतं तर.

आता यंत्राकडे येऊ. काठीच्या टोकाला ताटलीएवढी तबकडी असते, तिच्यात तांब्याच्या तारेचं वेटोळं. त्यातून उलटसुलट वीज खेळवली की भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं. त्या क्षेत्रात धातू आला की धातूतही बारीक प्रवाह फिरू लागतात, त्यांचं स्वतःचं क्षेत्र तयार होतं, आणि यंत्र तो फरक ओळखून आवाज करतं. लोखंड, शिसं, तांबं, चांदी यांचा आवाज वेगवेगळा. हुशार यंत्रं पडद्यावर आकडाही दाखवतात. एवढं सगळं खरं. पण नाण्याएवढी वस्तू साधारण यंत्राला वीतभर, फार तर दीड वीत खोलीपर्यंतच कळते. सातवाहनांचे थर बहामनी थरांच्याही खाली आहेत. म्हणजे ब्रह्मपुरीवर यंत्र फिरवणाऱ्याला सापडतील ते बिअरच्या बाटल्यांचे बिल्ले, गुटख्याच्या पुड्यांची चांदी, खिळे आणि गेल्या पिढीतले पैसे.

पन्हाळ्यावर आणखी एक गंमत आहे. गडाचा माथा जांभ्याचा. जांभ्यात लोहाचा अंश भरपूर, त्यामुळे जमीनच बोलायला लागते. यंत्राला आधी जमिनीचा आवाज बाजूला काढायला शिकवावं लागतं, तरी ते फसतं. आवाज आला म्हणून खणलं तर हातात जांभ्याचा खडा. तोवर शंभर ठिकाणी उकरून झालेलं असतं, आणि पुढच्या वळवाच्या पावसात त्या शंभर खड्ड्यांतली माती तटाखाली वाहून जाते.

यंत्र बहिरं कुठं आहे, हे जास्त महत्त्वाचं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या चतुर्थकात कोल्हापुरात एका बौद्ध स्तूपाच्या अवशेषांत दगडी पेटी निघाली आणि तिच्यात स्फटिकाचा करंडक. पेटीवर ब्राह्मी लिपीत कोरलेलं होतं, की हे दान बम्ह नावाच्या माणसाचं आणि करवून घेतलं धम्मगुत्तानं. कोल्हापूरच्या मातीत वाचता आलेल्या सगळ्यांत जुन्या नावांपैकी ही दोन नावं. दगड, स्फटिक, अक्षरं. यातल्या कशाचाही आवाज येत नाही. दीक्षितांनी पुढे आयुष्यभर ज्यांचा अभ्यास केला ते मणी आणि काच, त्यांचाही येत नाही. विटेचा नाही, खापराचा नाही, जळालेल्या धान्याचा नाही. आवाजामागे खणत जाणारा माणूस या सगळ्यांतून कुदळ घालत जातो.

शिशाचा मात्र येतो, आणि इथं मला थोडं थांबू द्या, कारण कोल्हापूरच्या शिशाची गोष्ट फार सुंदर आहे. सातवाहनांच्या आगेमागे या भागात नावाच्या शेवटी ‘कुर’ असलेल्या राजांची शिशाची नाणी चालत. एका बाजूला धनुष्यबाण, दुसऱ्या बाजूला चैत्याची टेकडी आणि कुंपणातलं झाड. नावं तीन: वासिठीपुत विळिवायकुर, माढरीपुत सिवलकुर, गोतमिपुत विळिवायकुर. यांतला आधीचा कोण, नंतरचा कोण, हे सांगणारी वंशावळ नाही. पण राज्य बदललं की नव्या राजानं जुनीच नाणी घेऊन त्यांच्यावर आपला छाप मारला. शिसं मऊ, जुना छाप पूर्ण पुसला गेला नाही. नाणं तिरपं धरलं की नव्या अक्षरांखालून जुन्या नावाचं एखादं अक्षर, बाणाचं टोक दिसतं. सिवलकुराचा छाप विळिवायकुरावर बसलेला, आणि गोतमिपुताचा त्यांच्यावर. भगवानलाल इंद्रजींसारख्या पंडितांनी यावरून तिघांचा क्रम लावला. दुसऱ्या शतकातला भूगोलकार टॉलेमी ‘हिप्पोकुरा’ नावाच्या राजधानीत राहणाऱ्या ‘बालेओकुरोस’ राजाचा उल्लेख करतो. तो विळिवायकुरच, असं बहुतेक अभ्यासक मानतात. हिप्पोकुरा म्हणजे कोल्हापूर असंही काही म्हणतात. कोल्हापूरकर म्हणून मला ते आवडतं, एवढंच मी त्याबद्दल म्हणेन.

असं नाणं घरी आणून चिंच-मीठ लावून घासलं, की खालचा छाप जातो. तो अर्ध्या मिलिमीटरहूनही उथळ असतो. तांब्याच्या नाण्यावरचा हिरवा थर म्हणजे घाण नव्हे, बऱ्याचदा अक्षरं त्याच थरात टिकलेली असतात. चकाकणाऱ्या शिवराया घेऊन लोक अभिमानानं दाखवायला येतात, तेव्हा काय बोलावं कळत नाही. शिवराईचीही एक अडचण आहेच. १६७४ च्या राज्याभिषेकानंतर सुरू झालेलं हे नाणं पेशवाईभर पाडलं गेलं आणि इंग्रजी अमलातही बाजारात फिरत राहिलं. दुदांडी शिवराई गडावर सापडली म्हणून ती महाराजांच्या काळातली ठरत नाही. ती १८५० साली कुणा गवळ्याच्या कनवटीतून पडलेली असू शकते. कुठल्या थरात, कुठल्या जोत्याशेजारी, शंभू पिरखानी रुपयाबरोबर की व्हिक्टोरियाच्या पैशाबरोबर, हे कळलं तरच ती बोलते.

गुप्तधनाचं विचारलं होतंत. असतं. माणसांनी संकटात धन पुरलं आणि परत यायला ती उरली नाहीत, असं जगभर घडलं आहे. पण आपल्याकडे ‘गुप्तधन’ म्हटलं की पायाळू माणूस, अमावास्या, लिंबू आणि त्याहून भयंकर गोष्टी येतात. २०१३ च्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनासाठीच्या अघोरी कृत्यांचा समावेश करावा लागला, यावरून रोग किती खोल आहे ते कळतं. त्या मानानं यंत्रवाला तरुण पुष्कळ बरा. निदान तो विज्ञानाची बॅटरी तरी वापरतो.

आणि माती चाळून धातू काढणं ही आपल्याकडे काही परदेशातून आलेली कला नाही. सराफकट्ट्यावरची, गुजरीतल्या दुकानांसमोरची धूळ आणि गटारातला गाळ गोळा करून, पाण्यात हलवून सोन्याचा कण वेगळा काढणारे सोनझारी, झारेकरी पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आले. त्यांचं कौशल्य यंत्राला येणार नाही. पण ते कालची धूळ चाळत होते, दोन हजार वर्षांपूर्वीची नव्हे.

आता कायदा. तो ऐकून तुम्हाला हसू येईल. १८७८ चा भारतीय निखात निधी अधिनियम अजून लागू आहे. जमिनीत दडलेली कुठलीही मोलाची वस्तू म्हणजे निधी, आणि तिची किंमत १० रुपयांहून जास्त असेल तर ज्याला ती सापडली त्यानं कलेक्टरला लेखी कळवायचं: काय सापडलं, कुठं, कधी. दहा रुपये! १८७८ मध्ये तो आकडा मोठा होता, आज दहा रुपयांत वडापावही येत नाही. पण बाकीचा कायदा वाटतो तितका दुष्ट नाही. कोणी खरा मालक पुढे आला नाही तर, आणि जमीनमालक व शोधणारा यांच्यात वेगळा करार नसेल तर, तीन हिस्से शोधणाऱ्याला आणि एक हिस्सा जमीनमालकाला. सरकारला ती वस्तू स्वतःकडे ठेवायची असेल तर धातूची किंमत अधिक तिचा पाचवा भाग द्यायचा. न कळवता दडवलं तर हिस्सा सरकारजमा आणि वर्षभरापर्यंत कैद. त्यापुढे १९५८ आणि १९६० चे स्मारकांचे कायदे आहेत: संरक्षित क्षेत्रात परवान्याशिवाय खणायचंच नाही. १९७२ चा पुरावस्तू कायदा आहे: शंभर वर्षांहून जुनी वस्तू देशाबाहेर न्यायची नाही, आणि मूर्तींसारख्या ठरावीक वस्तूंची नोंदणी करायची. पन्हाळा संरक्षित आहे आणि जुलै २०२५ पासून जागतिक वारसायादीतल्या मराठा लष्करी स्थळांच्या बारा किल्ल्यांत त्याचं नाव आहे. तिथं यंत्र घेऊन कुदळ मारणं हा छंद राहत नाही, तो गुन्हा होतो.

कायद्याचा दोष कलमांत नाही, भीतीत आहे. राधानगरीकडच्या किंवा करवीर तालुक्यातल्या शेतकऱ्याच्या नांगराला हंडा लागला, तर पहिला विचार येतो तो पोलिसांचा. पंचनामा होईल, चौकशी होईल, काम बंद पडेल, आणि भावकीत वाद पेटेल तो वेगळाच. त्यापेक्षा गप्प बसून सराफाकडे मोडीत घातलेलं बरं, असं त्याला वाटतं. तीन हिस्से तुझे आहेत, हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं. मी तर म्हणेन, या कायद्याची एक पानभर मराठी प्रत प्रत्येक चावडीत लावली तर शंभर डिटेक्टर जप्त करण्याहून जास्त वस्तू वाचतील.

कळवल्यानं काय साधतं ते पाहा. इंग्लंडात १६ नोव्हेंबर १९९२ रोजी सफोक परगण्यातल्या हॉक्सन गावी एका शेतकऱ्याची हातोडी शेतात हरवली. ती शोधायला त्यानं एरिक लॉज नावाच्या मित्राला यंत्र घेऊन बोलावलं. लॉजला चांदीचे चमचे आणि सोन्याची नाणी लागली. इथवर ही आपल्या मोबाइलवरचीच गोष्ट. पण लॉज थांबला. उरलेलं जमिनीतच ठेवून त्यानं अधिकाऱ्यांना कळवलं. दुसऱ्या दिवशी पुरातत्त्ववाले आले आणि त्यांनी तो साठा हलक्या हातानं उकलला. लाकडी पेटी कुजून गेली होती, पण वस्तू कशा रचल्या होत्या, कशात काय ठेवलं होतं, हे मातीतल्या जागांवरून कळलं. १४,८६५ नाणी आणि दोनशेच्या आसपास इतर वस्तू. त्यांत चांदीची एक मिरीदाणी आहे, बाईच्या अर्धपुतळ्याच्या आकाराची. तिच्यात घालायचं मिरं कुठून जात होतं? आपल्या पश्चिम किनाऱ्यावरून. पोसायडन ज्या व्यापारातून पंचगंगेकाठी आला, त्याच व्यापाराचं दुसरं टोक ते. लॉजला साडेसतरा लाख पौंड बक्षीस मिळालं आणि ते त्यानं शेतकऱ्याबरोबर वाटून घेतलं. हातोडीही सापडली, ती आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

त्याच देशात २०१५ साली हेरफर्डशरमध्ये दोघांनी असाच साठा काढला आणि दडवला. सुमारे तीनशे नाणी असावीत असा अंदाज. हाती आली ती ३१. दोन राजांमधल्या मैत्रीचा नवाच पुरावा त्या ३१ नाण्यांनी दिला. बाकीच्यांनी काय सांगितलं असतं, ते आता कोणाला कळणार नाही. दोघं २०१९ मध्ये तुरुंगात गेले.

इंग्लंडात १९९७ पासून सापडलेल्या वस्तूंची स्वेच्छेनं नोंद करणारी योजना आहे, आणि तिच्यात दहा लाखांहून जास्त वस्तू नोंदल्या गेल्या. ती जशीच्या तशी इथं आणावी, असं म्हणणारे आपल्यातही आहेत. मला ते पटत नाही. तिथं नोंद करायला प्रत्येक भागात पगारी अधिकारी बसलेला आहे, आणि तिथली बरीच नाणी शतकानुशतकं नांगरलेल्या शेतात वरवर विखुरलेली असतात. आपल्याकडे जुनं गाव जिवंत आहे. पांढरीवर, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडावर, घरं आहेत, देवळं आहेत, थर एकमेकांवर बसलेले आहेत. आधी खणायची मोकळीक आणि मागाहून अधिकारी, हा क्रम झाला तर दहा वर्षांत आपल्या सगळ्या पांढरी चाळणी होतील.

मग यंत्राचा उपयोगच नाही का? आहे, आणि तो कुठं आहे ते मला फार दिवस सांगायचं होतं. अमेरिकेत लिटल बिगहॉर्नला १८७६ साली जनरल कस्टरची तुकडी मूळ रहिवाशांनी कापून काढली. १९८३ मध्ये तिथलं गवत वणव्यात जळालं आणि पुढच्या दोन मोसमांत डग्लस स्कॉट आणि रिचर्ड फॉक्स यांनी रणांगणाची पाहणी केली. यंत्रवाले हौशी लोकच बोलावले. पण ते ओळीत चालले, आवाज आला की झेंडी रोवायची, खणणारे मागून येणार, आणि प्रत्येक गोळी नि काडतूस नकाशावर नोंदून मगच उचलायचं. काडतुसांवरचे ठसे भिंगाखाली जुळवले, तेव्हा एकेक बंदूक रणांगणावर कुठून कुठं सरकली ते कळलं. मूळ रहिवाशांनी तोंडी सांगितलेला वृत्तांत शंभर वर्षं कोणी नीट मानला नव्हता. गोळ्यांनी त्याला पुष्कळ दुजोरा दिला.

आता १६६० आठवा. मार्चपासून सिद्दी जौहरचा पन्हाळ्याला वेढा, आणि शिवाजी महाराज गडावर. राजापूरच्या इंग्रज वखारीतला हेन्री रेव्हिंग्टन तोफा आणि दारूगोळा घेऊन जौहरच्या मदतीला आलेला. पुढे १६६१ मध्ये महाराजांनी राजापूरवर जाऊन त्याचा हिशेब चुकता केला. मोर्चे कुठं होते, तोफा कुठून डागल्या, याची उत्तरं बखरींत आणि पत्रांत अर्धीमुर्धी आहेत. गडाच्या पायथ्याच्या शेतांत, परवानगी घेऊन, ओळीत चालून, एकेक शिशाची गोळी नकाशावर मांडली, तर मोर्च्यांच्या जागा दिसू शकतील. न झाडलेली गोळी गोल राहते, झाडलेली चेपते. एवढ्या एका फरकावर कोण कुठून मारत होतं ते ठरतं. घोडखिंडीत, म्हणजे आजच्या पावनखिंडीत, काम अवघड. तिथलं पाणी आणि साडेतीनशेहून जास्त पावसाळे यांनी पुष्कळ काही खाली नेलं असणार, आणि दर जुलैत पन्हाळ्याहून पावनखिंडीला चालत जाणारी हजारो तरुण मंडळी नाणी, साखळ्या, बिल्ले टाकून जातात, तो वेगळाच थर. तरी प्रयत्न करण्यासारखा आहे. तोफगोळा घरी नेऊन शोकेसमध्ये ठेवला तर त्याचं वजन सांगता येतं. तो कोणाकडून कोणावर आला, हे त्याच्या जागेशिवाय नाही सांगता येत.

शिवाजी विद्यापीठात इतिहास शिकणारी मुलं आहेत, राज्य पुरातत्त्व विभागाचं संग्रहालय टाऊन हॉलमध्ये आहे, गड सांभाळणाऱ्या संस्था आहेत, आणि यंत्रं असलेली शंभर-दोनशे पोरंही आहेत. या चौघांना एका नकाशावर आणण्यासाठी परवाना लागेल, एक प्रशिक्षित माणूस लागेल आणि लाल झेंड्यांचे गठ्ठे लागतील. यातलं झेंड्यांचं काम आपल्या पोरांना उत्तम जमतं.

तोवर शेतात, पायाच्या खड्ड्यात, ओढ्याच्या कडेला काही दिसलं, तर हात लावण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. एक जवळून, एक लांबून, ज्यात विहीर किंवा झाड दिसेल असा. गट नंबर लिहा. खोली हातानं मोजली तरी चालेल. धुऊ नका, घासू नका. तलाठ्याला कळवा, आणि त्याच पत्राची एक प्रत कलेक्टर कचेरीत देऊन पोच घ्या. पोच घ्यायला विसरू नका.

प्रश्नोत्तरांसाठी संयोजकांनी वीस मिनिटं दिली आहेत. मागच्या रांगेत दोघांनी यंत्र सोबत आणलेलं मला इथून दिसतंय. आधी त्यांनी विचारावं.